फोटोतली डावीकडची

ज्या साली सुखराम नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि घरातले देव टोपलीत भरून चंदन नावाच्या नदीत सोडून आला, त्याच साली त्याच्या थोरल्या मुलीचं गोंदण झालं. गोंदण चैत्रात झालं आणि दीक्षा दसऱ्याला. मधे सहाच महिने गेले. पण त्या सहा महिन्यांचा हिशेब पंचफुला पुढं जन्मभर मांडत राहिली.

सुखराम बालाघाटजवळच्या वारासिवनीत एका राइस मिलमध्ये पोती वाहायचा. बायको जिजाबाई घरी विड्या वळायची, आणि पंचफुलाची बोटं सहाव्या वर्षापासूनच तेंदूच्या पानात होती. धाकटीचं नाव कचरी. तिच्या आधीचे दोन पोरगे पाळण्यातच गेले होते, म्हणून ही तरी जगावी यासाठी तिला असं टाकाऊ नाव दिलं होतं. गोंदण झालं तेव्हा पंचफुला अकरा वर्षांची होती आणि कचरी सात.

गोंदवायला घेऊन गेली ती रामपायलीची गोदाबाई, म्हणजे सुखरामची थोरली बहीण. तिच्या अंगणात गोंदणारीण आली, पंचफुलाचं डोकं मांडीत दाबून धरलं आणि सुयांची जुडी काजळात बुडवून टोचू लागली. दोन भुवयांच्या मधे एक उभी रेघ, रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका, हनुवटीवर एक ठिपका, आणि डाव्या मनगटावर विंचू. पोर ओरडत होती आणि गोंदणारीण गाणं म्हणत होती. गाण्याचा आवाज ओरडण्यापेक्षा मोठा ठेवायचा, ही त्या धंद्याची रीतच होती.

"रडू नको वं बाई," गोदाबाई तिचे पाय धरून म्हणत होती. "गोंदल्याबिगर पोट्टी सासरी गेली तर तिच्या हातचं पानी कोनी पित नाही. सोनंनाणं इथंच राह्यते. जीव गेल्यावर अंगावरचं लुगडंबी काढून घेतेत. गोंदण तेवढं संगं येते."

पाच दिवस पंचफुलाला कामाला हात लावू दिला नाही. गूळ-खोबरं दिलं, हळद-तेल लावलं. सूज उतरली तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका पाहायला आल्या. हनुवटी धरून, चेहरा उजेडाकडे वळवून म्हणाल्या, "आता दिसते पोट्टी मानसासारखी." त्या एका पावसाळ्यात पंचफुला मोहल्ल्यातली सर्वांत देखणी मुलगी होती.

मग दसरा आला. सुखराम पांढरे कपडे घालून नागपूरहून परतला, गाडीतून उतरून तसाच घरी आला आणि उंबऱ्यातूनच बोलला, "आजपासून देव नाही, नवस नाही, गोंदण नाही. धाकटीले शाळेत घालाचं."

शाळेत नाव लिहिताना त्याने कचरीचं नाव बदलून विशाखा लिहायला लावलं. ते नाव त्याने नागपूरला ऐकलं होतं. पंचफुला चुलीजवळ उभी होती. तिने विचारलं, "बाबा, आनि माहं?"

"तुहं नाव चांगलंच आहे. फुलाचं आहे."

"मंग शाळा?"

"अकरा वर्साची घोडी पहिलीत बसवू का?" सुखराम हसला. तो वाईट मनाने हसला नव्हता. पण पंचफुलाला ते हसू कायम आठवत राहिलं.

तिथून मत्सर सुरू झाला. मत्सर कधी एकदम येत नाही. वाळवीसारखा आतून लागतो आणि वरून लाकूड धड दिसतं. विशाखा पाटी घेऊन जायची तेव्हा पंचफुला तेंदूची पानं कापत असायची. विशाखाला लाल रिबीन आली. विशाखाला दौत-टाक आला. विशाखा रंगाने पंचफुलापेक्षा सावळीच होती, नाकही बसकं होतं. पण तिचं कपाळ स्वच्छ होतं आणि ती मान वर करून चालायची. दहा वर्षांत मोहल्ल्याचे डोळे फिरले. ज्या बायका पंचफुलाची हनुवटी धरायच्या, त्याच आता आपल्या पोरींना म्हणू लागल्या, "जाऊ दे वं, ते जुन्या लोकायचं." गोंदणारीण मोहल्ल्यात आली की पोरं तिच्यामागे टाळ्या वाजवायची.

पंचफुलाने बाजारातून पावडरचा डबा आणला. कपाळावर थापून पाहिलं. ओल आलेल्या भिंतीवर चुना मारावा तसं झालं. खालून हिरवं वर आलंच. विशाखा तिथंच बसून धडा पाठ करत होती. ती म्हणाली, "बाई, काहून लावतं ते? बिनपावडरची तू चांगली दिसतं." थोरल्या बहिणीला ती बाई म्हणायची.

"तुले सांगाले काय जाते," पंचफुला म्हणाली. "तुह्या थोबाडावर कोनी सुया टोचल्या का?"

पंचफुला एकवीस वर्षांची झाली. त्या काळी त्या मोहल्ल्यात एकविसाव्या वर्षी घरात राहिलेली मुलगी म्हणजे सासूशिवाय सासुरवास. तीन स्थळं येऊन गेली होती. तिघांनी तीन निरनिराळी कारणं सांगितली, आणि तिन्ही कारणं सांगताना पाहुणे तिच्या कपाळाकडेच पाहत होते.

चौथं स्थळ शालिकरामने आणलं. हा जिजाबाईचा दूरचा भाऊ, लग्नं जुळवण्याचा त्याला नाद. पोरगा हट्टा गावचा, प्रेमलाल मेश्राम, प्राथमिक शाळेत मास्तर. "मास्तर म्हनते आधी फोटो पाठवा," शालिकरामने सांगितलं. "नव्या चालीचा पोट्टा आहे. फोटो पसंत पडला तरच येईन."

घरात तोवर कोणाचा फोटो निघाला नव्हता. सुखराम दोघी मुलींना घेऊन छोट्या रुळांच्या आगगाडीने बालाघाटला गेला. जिजाबाईने निघताना बजावलं होतं, "दोघींचा एकातच काढा. पुढल्या वर्सी धाकटीलेबी लागनच."

फोटोवाला मोतीलाल हिंदी बोलणारा. त्याने पडद्यापुढं बाक ठेवला, पंचफुलाला डावीकडे बसवलं आणि विशाखाला उजवीकडे. फोटो काढून झाल्यावर त्याने सुखरामला बाजूला घेतलं, पण आवाज हळू करायचं विसरला.

"बड़ी वाली का गोदना रहने दूँ कि निकाल दूँ? आजकल सब निकलवा लेते हैं। नेगेटिव पे बारीक पेंसिल मार दूँगा, पता भी नहीं चलेगा।"

सुखरामने क्षणभर मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काढून टाका साहेब." सदऱ्यावरचा डाग काढून टाका म्हणावं, तसं म्हणाला.

आठ दिवसांनी शालिकराम फोटो घेऊन आला. पंचफुलाने तो हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. फोटोत डावीकडे एक मुलगी बसली होती. तिचे डोळे पंचफुलाचे, नाक पंचफुलाचं, लुगडंही तेच. पण कपाळावर कुंकवाखेरीज काही नव्हतं, हनुवटी गुळगुळीत, मनगट साफ. ती मुलगी शेजारच्या विशाखापेक्षा सुंदर होती, यात कोणालाही शंका आली नसती.

"बाई, कितीक चांगली दिसून राह्यली तू!" विशाखा म्हणाली.

पंचफुलाने फोटो पालथा ठेवला. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिला पहिल्यांदा कळलं की विशाखावर आपण जळत होतो ते काहीच नव्हतं. ही फोटोतली, सहा महिने उशिरा मोठी झालेली, म्हणून गोंदणातून सुटलेली पंचफुला होती. हिला शाळा मिळाली असती, हिला मास्तर मिळाला असता. हिच्यावर जितकं जळावं तितकं थोडंच.

शालिकरामने फोटोचे दोन तुकडे करून अर्धा पाठवू म्हटलं, तेव्हा जिजाबाई मधे पडली. "फोटो कापाचा नाही. जित्या बहिनींची ताटातूट कोन करते? पुरा पाठव, आनि सांग का डावीकडची."

पंधरा दिवसांनी हट्ट्याहून पोस्टकार्ड आलं. घरात वाचणारी एकच. विशाखाने उभ्या उभ्या वाचलं: "फोटोत डाव्या हाताला बसलेली मुलगी आम्हांस पसंत आहे. रविवारी प्रत्यक्ष पाहण्यास येत आहोत."

"अजून एकदा वाच," पंचफुला म्हणाली.

विशाखाने वाचलं.

"डाव्याच हाताले लिवलं न?"

"डाव्याच हाताले. तूच वं. मी उजवीकडं आहो."

"अजून वाच."

तिसऱ्यांदा वाचून घेतलं तेव्हा विशाखा हसायला लागली, पण पंचफुला हसत नव्हती. मास्तरने दोघींना शेजारी शेजारी पाहिलं होतं आणि शिकलेल्या, रिबीनवाल्या धाकटीला सोडून तिला निवडलं होतं. नवरा कसा आहे, काळा की गोरा, ह्याच्याशी तिला त्या दिवशी काही देणंघेणं नव्हतं. त्या चार दिवसांत ती विशाखाशी जितकं गोड बोलली तितकं दहा वर्षांत बोलली नव्हती. पेन्सिलची गोष्ट तिने मनातून पुसून टाकली होती. जणू ती मोतीलालने नव्हे, देवानेच मारली होती. आणि देव तर त्यांनी सोडले होते.

रविवारी पाहुणे आले. मास्तर प्रेमलाल, त्याची आई चंपाबाई आणि शालिकराम. ओसरीवर सतरंजी टाकली होती. पंचफुला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. चंपाबाईने पाणी घेतलं, तिच्याकडे पाहिलं आणि जिजाबाईला विचारलं, "हे थोरली का? कुठं देली हिले? जवाई काय करते?"

जिजाबाईने उत्तर टाळून आत चहासाठी हाक मारली. सुखराम सतरंजीची किनार सरळ करू लागला.

"बरं, मुलगी बोलवा न आता," चंपाबाई म्हणाली.

तेवढ्यात विशाखा चहाच्या कपबशा घेऊन आली. तिला दारामागं राहायला सांगितलं होतं, पण कपबशा दुसरं कोण आणणार? चंपाबाईचा चेहरा उजळला. "हे पाहा, आली. फोटोपेक्षा थोडीक सावळी आहे, पर चालते. काय गा परेमलाल?"

मास्तरने खिशातून फोटो काढला. फोटोकडे पाहिलं, विशाखाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. तो गोंधळला होता. शालिकराम खोकू लागला.

"ते नाही," पंचफुला म्हणाली. "डाव्या हातची मी आहो."

चंपाबाई हसली. "काय गोष्ट करतं वं बाई! तुह्या कपाळावर तर..."

पंचफुलाने डाव्या हाताची दोन बोटं कपाळावरच्या रेघेवर आडवी ठेवली आणि उजव्या हाताचा अंगठा हनुवटीवर टेकवला. तशीच उभी राहून ती मास्तरकडे पाहत म्हणाली, "आता पाहा."

मास्तरने फोटो डोळ्यांसमोर धरला, खाली केला. मग हळूच म्हणाला, "हौ. हेच आहे."

"फसवलं आम्हाले!" चंपाबाई उठून उभी राहिली. "शालिकराम, तुले लाज नाही वाटली?"

चंपाबाईच्या स्वतःच्या कपाळावर गोंदण होतं. तीच उभी रेघ, तेच दोन ठिपके, वयाने पसरून निळसर झालेले. पंचफुला त्याकडेच पाहत होती. चंपाबाईला ते कळलं. ती म्हणाली, "माहं काय पाहतं? माहं झालं ते झालं. मी वावरात काम केलं. माहा पोरगा शाळेत शिकवते. त्याच्या संगं हिरव्या कपाळाची बाई फिरन, तं पोरं हासतीन त्याले."

मास्तर वाईट माणूस नव्हता. आईला खाली बसवून तो सुखरामला म्हणाला, "मामाजी, चेहरा तर हाच आहे, नाही म्हणता येत नाही. आजकल हे काढता येते. चुना आन् धुण्याचा सोडा लावून लोकं काढून राह्यले. तिनं काढून घेतलं तर माही ना नाही. महिनाभर थांबतो." मग चहा संपवून, जाता जाता, दाराकडे नजर टाकून म्हणाला, "नाही जमलं तर... धाकटीबी चांगलीच आहे."

पाहुणे गेल्यावर पंचफुला सरळ पानठेल्यावर गेली आणि चुना घेऊन आली. सोडा घरातच होता. परड्यात पाट मांडून तिने वाटीत दोन्ही कालवलं आणि हाक मारली, "विशाखा! इकडं ये. आरसा लहान आहे, मले नीट दिसत नाही. तू लाव."

विशाखाने वाटीतला लगदा पाहिला आणि हात मागे घेतला. "मी नाही लावत. डोळ्यात गेलं तर? आंधळी होशीन."

"लाव म्हनतो न!"

"नाही लावत."

"काहून लावशीन?" पंचफुलाचा आवाज चढला. "माहं निघालं तर तुहं कसं होईन? डोळा ठेवून बसली तू मास्तरावर. दारामागं थांब म्हटलं तं कपबशा घेऊन मिरवत आली!"

"आईनं सांगतलं म्हनून आली मी!"

"सारं आयतं पाह्यजे तुले. नाव आयतं, शाळा आयती, आता नवराबी माहाच."

विशाखा रडली नाही. ती परड्याच्या कुडाला टेकून बसली आणि म्हणाली, "तुले काय मालूम बाई. मले गोंदाचं होतं."

"काय?"

"तू रामपायलीहून आली तवा सारा मोहल्ला तुले पाहाले आला. गूळ-खोबरं तुले, दूध तुले. मले कोनी इचारलंबी नाही. मी आईले म्हटलं, मले कवा गोंदशीन? तं ते म्हने, पुढल्या चैत्रात. मंग बाबानं बंद करून टाकलं. शाळेत गेल्यावर मी दौतीतली शाई घेऊन कपाळावर तुह्यासारखीच रेघ काढली, दोन ठिपके काढले. तिथल्या मास्तरनं धुवाले लावलं आन् रूळानं मारलं. तवापासून मान वर करून चालतो मी. खाली पाह्यलं तर कोनी म्हनीन हिच्या कपाळावर काहीच नाही."

पंचफुलाने ऐकलं. तिचा विश्वास बसला नाही असं नाही. पण ऐकून मन मऊ झालं, असंही नाही. तिला वाटलं, जळण्याचा हक्क माझा एकटीचा होता, त्यातही ही वाटेकरी निघाली.

"आधी मनगटावर लावून पाहतो," ती म्हणाली आणि विंचवाच्या नांगीवर लगदा थापला. पहिल्यांदा गार वाटलं. मग मुंगी चावल्यासारखं झालं, आणि मग जळता निखारा ठेवल्यासारखं. ती दात आवळून बसली. विशाखाने शेवटी घागर उचलून तिच्या हातावर उपडी केली, तेव्हा कातडी सुटून आली होती.

ते मनगट तीन आठवडे चिघळलं. ताप आला. जिजाबाई कडुलिंबाच्या पाण्याने धुवायची आणि मास्तरला शिव्या द्यायची. खपली पडली तेव्हा नांगीच्या जागी पांढरा, ताणलेला, चकाकणारा डाग होता, आणि त्या डागाच्या पोटात, खोल, हिरवं तसंच होतं. सुखरामने ते पाहिलं आणि मान फिरवली. त्या रात्री तो जेवला नाही.

महिना संपायला तीन दिवस राहिले. शालिकराम विचारायला आला. ओसरीवर सगळे बसले होते. सुखराम म्हणाला, "पोरी, तुही मर्जी. मी जबरदस्ती करत नाही. तवा मी साहेबाले काढून टाका म्हटलं, ते चुकलं माहं."

पंचफुलाच्या हातात फोटो होता. मास्तरने तो परत पाठवला होता, नीट पाहून ठरवा म्हणून. तिने डावीकडच्या मुलीकडे पाहिलं. ती मुलगी अजूनही तशीच बसली होती, गुळगुळीत, कधी न भाजलेली.

"नाही करत," पंचफुला म्हणाली.

"काहून वं?" शालिकराम म्हणाला. "थोडासाक तरास आहे. जलमाची सोय होईन."

"मी कपाळ जाळीन आन् तो लगीन करीन हिच्यासंगं." तिने बोटाने फोटोवर टिचकी मारली. "ह्या भवानीले मी माहं कपाळ देत नाही. रोज सकाळी तो माह्या तोंडाकडं पाहीन आन् हिले शोधीन. अन् डाग पडला तर? मंग ना गोंदलेली, ना कोरी. दुनियेत कोनाचीच नाही."

शालिकराम म्हणाला, "फोटोवर कोनी जळते का बाप्पा? येड लागलं पोट्टीले."

"हौ, लागलं," पंचफुला म्हणाली आणि विड्यांचं सूप पुढं ओढलं.

आठव्या दिवशी हट्ट्याहून दुसरं पोस्टकार्ड आलं. विशाखाने ते मनात वाचलं आणि कोणाला न सांगता पंचफुलाजवळ येऊन बसली.

"बाई, माह्यासाठी इचारलं त्यायनं."

पंचफुला पान गुंडाळत होती. तंबाखू भरली, टोक दुमडलं, दोरा बांधला.

"तू नाही म्हनशीन तर मी नाही म्हनतो. बाबाले सांगतो, मले मॅट्रिक कराचं आहे."

पंचफुलाने दुसरं पान घेतलं. एक शब्द बोलली असती तर पुरे होता. विशाखा तो शब्द पाळणार होती, हे तिला ठाऊक होतं. आणि विशाखाला मास्तर मनातून आवडला आहे, हेही तिच्या कानांच्या लालीवरून तिला दिसत होतं. एका शब्दाने दोघी घरात राहिल्या असत्या. तो शब्द तिच्या जिभेवर आला, आणि तिथंच तिला त्याची किळस वाटली.

"कर," ती म्हणाली. "त्याले कोरीच पाह्यजे. तुले वाचताबी येते, त्याच्या वह्या तपासून देशीन."

बोलण्यात डंख होता, पण होकार खरा होता. विशाखाने डंख सोडला आणि होकार घेतला. वैशाखात लग्न झालं. पंचफुलाने सगळ्यांची जेवणं वाढली. बायका कुजबुजत होत्या, थोरली ठेवून धाकटी देली म्हणून. पंचफुला त्यांच्या पानात वरण वाढताना वाकून म्हणायची, "अजून घ्या न. बोलून बोलून भूक लागली असन."

दोन वर्षांनी पंचफुलाचंही झालं. भैयालाल भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामाला होता, बायको वारलेली, बोलायला कमी. त्याने फोटो मागितला नाही. लग्नानंतर महिनाभराने एकदा तो तिच्या मनगटाकडे पाहून म्हणाला, "विंचवाची नांगी कुठं गेली?"

"जाळली."

"बरं झालं. आता चावनार नाही," भैयालाल म्हणाला आणि ताट पुढं ओढलं. पंचफुला त्या दिवशी खूप दिवसांनी हसली.

पण विशाखावरचं जळणं गेलं नाही. भरवेलीच्या खोलीत लाल-काळी धूळ बसायची, आणि हट्ट्याच्या मास्तरणीकडे स्टुलावर टेबलक्लॉथ होता. विशाखाची चिठ्ठी आली की ती शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावी लागे. तिथंही तीच सल.

सत्तरच्या कार्तिकात रामपायलीची जत्रा भरली. दर्शनाला ते जात नसत, पण बाजाराला सगळेच जात. गोदाबाईच्या घरी दोघी बहिणी भेटल्या. विशाखाने पदर बाजूला केला आणि हनुवटी वर केली. हनुवटीच्या बरोबर मधे एक ठिपका होता, ताजा, भोवती अजून सूज असलेला.

"हे काय केलं?" पंचफुला ओरडलीच.

"काल जत्रेत गोंदून घेतलं. एकच. बाकीचं गोंदलं तं मास्तर घरातच घेनार नाहीत." विशाखा हसत होती. "आता तं बोलतच नाहीत. बोलतीन आठ दिवसांनी. बाई, दुखते वं कितीक! तू एवढी रेघ कशी सहन केली?"

"कोनं सांगतलं होतं तुले?"

"कोनी नाही. माहं तोंड आहे."

गोदाबाई म्हातारी झाली होती, दिसायचं कमी. तिने बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "झाली मानसात."

पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी प्रेमाचं आहे असं गोदाबाईला वाटलं. पंचफुलाला काय वाटलं ते वेगळंच होतं. तिला वाटलं, एवढं एक माझं होतं. फक्त माझं. तेही हिने घेतलं. आणि माझ्यासारखं कोणी पाय दाबून धरल्यावर नाही, हसत हसत घेतलं. त्यानंतर वर्षभर ती हट्ट्याला गेली नाही. विशाखाने दोनदा बोलावलं, तिने मुलाच्या खोकल्याचं निमित्त सांगितलं.

त्या जत्रेनंतर चार वर्षांनी भरवेलीला माणूस आला, की मास्तरणीला कावीळ झाली आहे, लवकर या. पंचफुला बसने बालाघाट आणि तिथून दुसऱ्या बसने हट्ट्याला पोचली, तेव्हा उशीर झाला होता. अंगणात माणसं होती. मास्तर खांबाला टेकून बसला होता. भिंतीवर विशाखाने माहेरहून आणलेला तो दोघींचा फोटो काचेत लावलेला होता. पंचफुलाने तिकडे पाहिलं नाही.

अंघोळ घालायला बायका जमल्या. चंपाबाईने कोमट पाणी आणलं. पंचफुलाने बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं, जसं कधी तिचं गोंदणारणीने घेतलं होतं. चेहरा हळदीसारखा पिवळा झाला होता आणि त्यात हनुवटीवरचा ठिपका हिरवागार दिसत होता. तिने ओल्या फडक्याने चेहरा पुसला. हनुवटी पुसली. पुन्हा पुसली. मग ती तेवढाच ठिपका पुसत राहिली.

"पुरे वं," चंपाबाई म्हणाली. "ते निघत नसते."

"मले मालूम आहे," पंचफुला म्हणाली.

बांगड्या काढल्या. गळ्यातलं काढलं. लुगडं बदललं. एकेक वस्तू चंपाबाई बाजूला ठेवत गेली, आणि पंचफुला पाहत राहिली, की काय काय इथं राहतं आणि काय जातं. विशाखा तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होती, आणि इथंही पुढं निघून गेली. ह्यावरही तिला जळायला आलं. तेवढंच यायचं राहिलं होतं. ती वाकली आणि आपलं कपाळ तिच्या कपाळाला लावून म्हणाली, "थांब जराशी, कचरे. एवढी काय घाई."

विशाखा प्रेमलाल मेश्राम, माहेरची कचरी, सुखरामची धाकटी मुलगी, १९७४ साली डिसेंबरच्या अकरा तारखेला, बुधवारी सकाळी हट्ट्याला वारली. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.